मुका मार

दिवाळी अंकात हाड मोडल्याची हकिकत लिहावी, हे तसे शुभलक्षण नव्हे. मागच्या-पुढच्या पानांवर फराळाचे नवे प्रकार असतील, एखादे प्रवासवर्णन असेल, राशिभविष्य तर असेलच; त्यांच्या पंगतीला हे मोडके हाड कशाला आणून बसवले, असे कुणाला वाटले तर त्याचा दोष नाही. पण ही गोष्ट घडली ती दिवाळीतच, आणि तीही पहिल्या अंघोळीच्या पहाटे. आमच्या घाटकोपरच्या घरी जे घडले ते अंधेरी-बोरिवलीला, मुलुंड-भांडुपला, कुठल्याही घरी याच चार दिवसांत घडू शकते. फटाक्यांपासून सावध राहा, असे दरवर्षी सांगतात. तसे हेही एकदा कुणीतरी सांगायला हवे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. वैद्यकाचे माझे ज्ञान घरातल्या औषधांच्या डब्याएवढे. हाडांविषयी जे थोडेफार कळते ते माझ्या आत्याच्या उजव्या खांद्याने शिकवले. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून, त्यांना प्रश्न विचारून आणि मग पुस्तके धुंडाळून ते मी पक्के केले, इतकेच.

आत्या मुलुंडला एकटी राहते. त्या वर्षी तिला बहात्तरावे लागले होते. सारा जन्म तिने शाळेत गणित शिकवले. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. “आई, आता इकडेच ये,” हा त्याचा दर दिवाळीचा आग्रह, आणि “माझे हातपाय चालताहेत तोवर नाही,” हे तिचे ठरलेले उत्तर. हातपाय चालणे ही तिच्या स्वतंत्र बिऱ्हाडाची एकमेव अट होती. त्या पहाटे नेमकी तीच अट मोडायची वेळ आली.

तेलाचे दोन थेंब

दिवाळीला आत्या आमच्याकडे असते. आमची जुनी इमारत पाडून तिच्या जागी नवी उभी राहिली तेव्हा लिफ्ट आली, गच्चीवर टाकी आली आणि शहाबादी फरशी गेली. ती फरशी खडबडीत, दिसायला दरिद्री. पण पावलाला धरून ठेवणारी. तिच्या जागी आरशासारख्या गुळगुळीत टाइल्स बसल्या. येणारे-जाणारे त्यांचे कौतुक करीत आणि आम्ही ते ऐकून घेत असू.

नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेपाचला आत्याने पाट मांडला. माझ्या दोन्ही मुलांना तेल लावले, उटणे चोळले. मग कारीट फोडायला धाकट्याला हाक मारीत ती न्हाणीघराच्या दारात वळली, आणि लादीवर सांडलेल्या तेलाच्या दोन थेंबांवर तिचे ओले पाऊल पडले. मी धावत गेले तेव्हा ती उजव्या कुशीवर पडलेली होती. उठून बसता बसता ती पहिले वाक्य बोलली ते हे :

“काही नाही गं, मुका मार आहे.”

आपल्या भाषेत ‘मुका मार’ हा मोठा फसवा शब्द आहे. रक्त आले नाही, कातडी फाटली नाही, म्हणजे मार मुका. आणि मुक्याची फिर्याद ऐकतो कोण? आंबेहळदीचा लेप उगाळला, की घरच्यांचे कर्तव्य संपले. आम्हीही लेप उगाळला. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी लांबूनच निदान केले. “खांदा निखळलाय हो! आमच्या ओळखीचे हाडवैद्य आहेत, एका हिसक्यात बसवून देतील.” आत्याने मात्र हाडवैद्य नको आणि डॉक्टरही नको, असे सांगून टाकले. सणासुदीच्या दिवशी दवाखाना नको, हे तिचे म्हणणे. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते सोयीचे वाटले.

माझी मुलगी तेवढी म्हणाली, “आई, आत्याआजीनं उजव्या हाताचं कोपर डाव्या हातानं धरून ठेवलंय. मघापासून सोडतच नाहीये.” वैद्यकाच्या पुस्तकात जे लक्षण पहिल्या ओळीत असते, ते बारा वर्षांच्या पोरीला दिसले होते, आम्हा मोठ्यांना दिसले नाही.

रात्री आत्याला आडवे होता येईना. ती रात्र तिने आरामखुर्चीत काढली. सकाळी पाहिले तर खांद्यापासून कोपरापर्यंत सारा दंड काळानिळा झालेला, छातीच्या कडेलाही तोच रंग उतरलेला. हाताला सूज येऊन सोन्याच्या पाटल्या मनगटात रुतल्या होत्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. इथे कांकणानेच आरसा दाखवला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मी कापायची वेळ आली. आत्याच्या डोळ्यांत पाणी आले ते त्या वेळी. पडली तेव्हा नाही.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाल्या, “आजी, मार मुका नाही. चांगला बोलतोय. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलंय.”

बशीवरचा लाडू

‘खांदा मोडला’ असे आपण सरसकट म्हणतो. पण खांदा म्हणजे एक हाड नव्हे. पाठीमागचे फऱ्याचे हाड, पुढची हसळी आणि दंडाचे हाड अशी तीन हाडे तिथे भेटतात. दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. त्याला डोके म्हणतात. फऱ्याच्या हाडाला त्यासाठी जी खोबण असते ती खोल वाटी नव्हे, उथळ बशी. बशीवर ठेवलेला बेसनाचा लाडू डोळ्यांपुढे आणा. लाडू मोठा, बशी लहान. म्हणूनच हात पुढे, मागे, वर, गोल, हवा तसा फिरतो. आणि म्हणूनच तो अस्थिरही असतो. या लाडवाला जागेवर धरून ठेवतात ते त्याच्याभोवतीचे चार स्नायू. हे स्नायू डोक्याशेजारच्या दोन उंचवट्यांना येऊन चिकटतात. एक मोठा उंचवटा, एक लहान.

डोके आणि उंचवटे यांच्या खाली हाड अरुंद होते आणि मग सरळ दांडा सुरू होतो. या अरुंद जागेला शल्यवैद्य ‘सर्जिकल नेक’ म्हणतात. म्हणजे हाडाची मानच. वरचा भाग आतून जाळीदार, दांड्याची भिंत घट्ट. या दोहोंच्या सांध्यावर ही मान येते. वय झाले की वरची जाळी विरळ होत जाते आणि धक्का बसला की हाड बहुधा इथेच मोडते. आत्याचे हाड इथेच मोडले होते.

निखळणे आणि मोडणे यांतला फरक इथे समजून घ्यावा. निखळले तर लाडू बशीवरून घसरतो. खांद्याचा गोलवा जातो आणि तिथे खळगा पडल्यासारखा दिसतो. मोडले तर बहुधा गोलवा तसाच राहतो, वर सूज चढते. कधीकधी दोन्ही एकदम होते. बाहेरून पाहून ते ओळखणे कुणाच्याच हातचे नाही. निखळला समजून मोडलेला हात हिसकला, तर तुटलेले टोक काखेतल्या रक्तवाहिनीत किंवा मज्जातंतूत घुसू शकते. काकूंचा सल्ला आम्ही मानला नाही ही आमची हुशारी नव्हती, आत्याच्या हट्टाची कृपा होती.

कुणाचे मोडते?

प्रौढ माणसांची जी हाडे मोडतात त्यांत शंभरांत पाच-सहा ही या ठिकाणची असतात. उतारवयात पडल्यामुळे मोडणाऱ्या हाडांत मनगट आणि खुबा यांच्यानंतर हिचाच क्रम लागतो. पुरुषांपेक्षा बायकांत हे दुपटी-तिपटीने आढळते. कारण पाळी थांबल्यावर हाडांची झीज वेगाने होते.

तरुणांचे हे हाड मोडायला मोठा आघात लागतो. आपल्या उपनगरात त्यांची वाण नाही : पावसाळ्यातल्या खड्ड्यावरून उडालेली मोटारसायकल, चालत्या लोकलमधून टाकलेली उडी, बांधकामाच्या परातीवरून पडणे. फेफऱ्याचा झटका आला किंवा विजेचा जबर धक्का बसला, तर स्नायू इतक्या जोराने आवळले जातात की माणूस कुठे न पडताही खांद्यापाशी हाड मोडू शकते किंवा सांधा मागे निखळतो. कर्करोग हाडात पसरला असेल तर किरकोळ कारणही पुरते. लहान मुलांची गोष्ट वेगळी. दंडाच्या हाडाची सुमारे ऐंशी टक्के वाढ खांद्याजवळच्या टोकाला होत असते. त्यामुळे तिथे थोडे वाकडे जुळलेले हाडही वाढत्या वयात बरेचसे सरळ होते. निसर्गाची ही माया आजीच्या वाट्याला येत नाही, नातवाच्या येते.

आजीचे हाड मोडायला उभ्या जागेवरून पडणे पुरते. पडताना पन्नाशी-साठीतली बाई चटकन हात पुढे टेकते आणि मनगट मोडून घेते. सत्तरी ओलांडली की तो हात वेळेवर पुढे येत नाही. सगळा भार सरळ खांद्यावर किंवा खुब्यावर येतो. आणि पडण्याची कारणे? ती आपल्याच घरात रांगेने उभी असतात. ओली लादी, घडी पडलेले पायपुसणे, रात्रीचा अंधार, मोतीबिंदू, रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना येणारी घेरी, झोपेची गोळी. दिवाळी त्यांत दोन भर घालते : माळा झाडण्यासाठी स्टुलावर चढणे आणि अभ्यंगाचे तेल.

डॉक्टर काय पाहतात?

डॉक्टरबाईंनी आधी हाताच्या खांद्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी मनगटाची नाडी पाहिली, बोटे हलवायला सांगितली, तळहात गार पडला आहे का ते पाहिले. मग दंडाच्या वरच्या भागाला, बाहेरच्या अंगाला, कापसाचा बोळा लावून विचारले, “आजी, इथं लागलेलं कळतंय?” खांदा उचलणाऱ्या स्नायूला हालवणारा मज्जातंतू हाडाच्या मानेला अगदी चिकटून वळसा घेतो. त्याला इजा झाली तर त्या जागी बधिरपणा येतो. आत्याला स्पर्श कळत होता. अर्धी काळजी तिथे मिटली.

दंड काळानिळा झालेला पाहून आम्ही घाबरलो होतो. ते रक्त मोडलेल्या हाडातून येते आणि दोन-चार दिवसांत पाणी उताराला धावावे तसे कोपराकडे, मनगटाकडे, छातीच्या कडेला उतरते. दिसायला भयंकर, पण ते आपोआप विरून जाते. भ्यायचे ते दुसऱ्याच गोष्टींना : बोटे पांढरी किंवा गार पडणे, हाताला मुंग्या येऊन तो लुळा वाटणे, हाड कातडीतून बाहेर येणे, डोक्यालाही मार बसलेला असणे. अशा वेळी घटकाभरही थांबू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

एक्स-रे एकाच बाजूने काढून भागत नाही. निरनिराळ्या कोनांतून दोन-तीन काढतात, गुंतागुंत असेल तर सीटी स्कॅन. मग तुकडे मोजायचे. डोके, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि दांडा. मोडले तर हाड बहुधा या चार भागांतच फुटते, हे बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या शल्यवैद्याने १९३४ साली खांद्यावरच्या आपल्या ग्रंथात मांडले. १९७० साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी त्यावरून हिशेब बसवला. एखादा भाग जागेपासून १ सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक कलला, तरच तो ‘सुटा तुकडा’ मोजायचा. रेघा कितीही दिसोत, तुकडे जागेवर असले तर ती साधी मोड. आत्या गणिताची, तिला हे फार आवडले. “म्हणजे तडे कितीही गेले तरी भागाकार झालेला नाही,” असे तिने डॉक्टरबाईंनाच समजावून सांगितले.

सुरी की झोळी?

आमच्या मनात प्रश्न होता तो ऑपरेशनचा. पट्टी-स्क्रू लावून हाड बसवले तर लवकर बरे वाटेल, असे आत्याच्या मुलाने बंगळूरहून फोनवर चारदा सांगितले. पण या हाडाची बहुतेक मोड साध्या झोळीत, ऑपरेशनवाचून जुळते. विलायतेत ३२ रुग्णालयांतल्या २५० रुग्णांवर याची कसोशीने परीक्षा झाली. तुकडे सरकलेल्यांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना झोळी दिली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या खांद्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ शस्त्रक्रिया कधीच नको असा नाही. सांधाही निखळला असेल, डोकेच दुभंगले असेल, रक्तवाहिनी दुखावली असेल, तरुण माणसाचे तुकडे फार सरकले असतील, तर सुरी हाती घ्यावीच लागते. डोक्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते पुढे खचू शकते. अशा वयस्कर रुग्णांना कधी कृत्रिम सांधा बसवतात. पण ही निवड डॉक्टरांनी चित्रे पाहून करायची असते, नातेवाइकांनी फोनवर नव्हे.

आत्याला झोळी मिळाली आणि सूचना मिळाल्या. निजताना पाठीशी उशा रचून अर्धवट बसल्यासारखे निजायचे. बोटे, मनगट आणि कोपर आजपासूनच हलवायचे. आठवड्याने पुन्हा एक्स-रे. हाड जागेवर दिसले की हाताला झोके द्यायला लागायचे.

इथवर सगळे नीट झाले. पुढे आम्ही चुकलो.

मायेची झोळी

आठवड्याने डॉक्टरबाईंनी झोके शिकवले. डावा हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचे, उजवा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा सैल सोडायचा आणि ताटलीएवढी वर्तुळे काढायची. हा व्यायाम त्या कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. आत्याने तो दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी ती कळवळली आणि मी म्हणाले, “राहू दे आत्या, आज नको.” चौथ्या दिवशी तिचा मुलगा आला. आईचा हात हलताना पाहून त्याचा जीव वरखाली झाला. मोडलेले हाड हलवायचे असते का कुठे? हाड जुळेपर्यंत हात पोटाशी बांधलेला बरा, असे घरात एकमताने ठरले. आम्ही तिला भात कालवून भरवला, पाणी हातात दिले, पुस्तकाची पाने उलटून दिली. रोज सकाळी मी तिचे केस विंचरून अंबाडा घालून देत असे. इतकी सेवा आम्ही तिची जन्मात केली नव्हती.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी झोळी सोडली. हात खांद्यातून वीतभरही वर जाईना. कोपर सरळ होईना. बोटे फुगून सुरळीच्या वड्यांसारखी झालेली.

“हाड छान जुळतंय,” त्या म्हणाल्या. “पण सांधा तुम्ही गोठवलात. हाडाचं काम निसर्ग करतो हो. सांध्याचं काम तुम्हाला करायचं होतं.”

घरी येताना रिक्षात कुणीच बोलले नाही. आत्या एवढेच म्हणाली, “म्हणजे आता बंगळूर.”

पुस्तकांचा नाद असलेल्या माणसाने अशा वेळी पुस्तकातच तोंड खुपसावे. मी सुश्रुतसंहिता काढली. त्यात हाडांच्या मोडीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. निखळण्याचे सहा प्रकार आणि मोडण्याचे बारा प्रकार सुश्रुताने सांगितले आहेत. बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्यांनी बांधायला तो सांगतो. आणि बंध सैल झाला तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळला तर सूज आणि वेदना वाढतात, असेही बजावतो. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी आणि मधल्या ऋतूंत पाच दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा. कोवळ्या वयात एका महिन्यात, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिन्यांत जुळून येते, असा त्याचा हिशेब आजच्या डॉक्टरांच्या हिशेबापासून फार लांब नाही. पण मी थबकले ती दुसऱ्याच ठिकाणी. तळहाताची मोड जुळल्यावर काय करावे? रुग्णाच्या हातात आधी मातीचा गोळा द्यावा, मग सैंधवाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. बांधून ठेवा एवढे सांगून सुश्रुत थांबला नव्हता. हात पुन्हा हात कसा करायचा, तेही त्याने सांगून ठेवले होते. आम्ही मायेने झोळीच तेवढी घट्ट धरून बसलो होतो.

मी हे आत्याला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला पेन्सिल दे. आणि ती भिंत रंगवायची नाही, सांगून ठेवते.”

पेन्सिलीच्या खुणा

दुसऱ्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ तिचे झोके सुरू झाले. त्यानंतर भिंतीसमोर उभे राहून दोन बोटांनी कोळ्यासारखे वर चढायचे. जिथे बोटे थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ आणि शेजारी तारीख. दाराच्या वरच्या कडीतून दोरी ओवून डाव्या हाताने उजवा हात वर ओढायचा. आधी गरम पाण्याचा शेक, व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली गोळी. दुखेल, पण दुखणे अर्ध्या तासात शमले तर ठीक. रात्रभर ठणकले तर दुसऱ्या दिवशी थोडे कमी. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी घालून दिलेला हा नियम आत्याने पाढ्यासारखा पाळला.

काही आठवडे रेघा एकमेकींवर चढून बसल्या होत्या. भिंतीवर नुसता काळा ठिपका दिसे. त्या दिवसांत ती चिडली, रडली, माझ्या नवऱ्यावर ओरडली. जानेवारीत रेघा सुट्या दिसू लागल्या. गुढीपाडव्याला तिने स्वतः भात कालवून खाल्ला. उन्हाळ्यात ब्लाउजची बटणे स्वतः लावू लागली. या दुखण्यात सुधारणा वर्षभर होत राहते असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते आम्ही धीर द्यायचे बोलणे समजलो होतो. आषाढी एकादशीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे कंगवा घेऊन गेले, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. आरशाकडे पाठ करून, ओठ घट्ट मिटून, तिने अंबाडा घातला. एक आकडा पडला, तो मी उचलून द्यायला वाकले, तर म्हणाली, “राहू दे. मी घेते.”

गणपतीच्या आधी ती मुलुंडला परत गेली. अंबाडा पूर्वीपेक्षा बोटभर खाली बसतो. हात पाठीमागे पूर्वीइतका जात नाही, आणि वरच्या फळीवरचे डबे आता खालच्या फळीवर आले आहेत. पण बिऱ्हाड तिचे आहे.

पुढचे हाड

आत्याची गोष्ट इथे संपली असती, पण डॉक्टरबाईंनी शेवटच्या भेटीत एक वाक्य सांगितले ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. “उभ्या जागेवरून पडून खांदा मोडला, म्हणजे हाडांनी धाडलेली ही पहिली नोटीस. पुढची खुब्याची असते.” असे हाड मोडलेल्या माणसाचा खुबा मोडण्याचा धोका वाढतो, विशेषतः पहिल्या वर्षात. खुबा मोडला की झोळीने भागत नाही.

म्हणून हाड जुळले तरी प्रश्न मिटत नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवल्याप्रमाणे तिचा आकडा उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला, तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. आत्याचा आकडा त्याच्या खाली होता. ठिसूळपणावर आज चांगली औषधे आहेत. ती डॉक्टरांनी द्यायची. आपल्या हाती आहे ते आहारात. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर दुधात दोन-अडीचशे असते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आपल्या आजीची नाचणीची भाकरी आपण गरिबीची खूण म्हणून सोडली, ती पुन्हा ताटात यायला हरकत नाही. उन्हाने मिळणारे ड जीवनसत्त्वही असेच. भर उन्हाच्या देशात राहून शहरातल्या असंख्य लोकांना ते कमी पडते. कारण घरातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून रिक्षात, रिक्षातून कचेरीत अशी आपली सावलीतली वाट. रोजचे चालणे आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव याला तर दमडीही लागत नाही.

आणि उद्या कुणी पडलेच, तर एवढे ध्यानात ठेवावे. हात ओढू नये, चोळू नये. सूज चढायच्या आधी बांगड्या, पाटल्या, अंगठ्या उतरवाव्यात. ओढणीची किंवा उपरण्याची झोळी करून हात पोटाशी धरावा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढावा, मग सण कुठलाही असो. झोळी मिळाली तर ती किती दिवस, आणि हलवायचे काय व केव्हापासून, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नये. उत्तर मिळाले की ते पाळावे. आपल्या माणसाचे दुखणे पाहवत नाही म्हणून ते टाळू नये.

त्यानंतर आमच्या घरची पहिली अंघोळ जरा वेगळी झाली आहे. तेल-उटणे आता बाहेरच्या खोलीत, जुन्या सतरंजीवर लावले जाते. न्हाणीघरात रबरी चटई आहे, भिंतीला धरायला दांडा आहे, आणि पाटाऐवजी पाठ असलेली खुर्ची. गेल्या वर्षी आत्याने नेहमीप्रमाणे मुलांना तेल लावले, उजव्या हाताने. तेलाची वाटी हातात घेऊन माझी मुलगी न्हाणीघराकडे निघाली, तशी आत्या शाळेतल्या आवाजात म्हणाली,

“वाटी खाली ठेव! तेल अंगाला लावायचं असतं, लादीला नाही.”